फॉरमॅट मारण्याआधी

लोहारा, उमरगा, औसा, निलंगा या पट्ट्यात कुठल्याही गावात संगणक सुरू होईनासा झाला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : “फॉरमॅट मारून टाका.” दुसरा सल्ला त्याहून सोपा : “लई जुना झालाय, आता नवाच घ्या.” हे दोन्ही सल्ले देणाऱ्यानं बहुतेक वेळा कॅबिनेटचं झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. पहिल्या सल्ल्यापायी माणसाची माहिती जाते, दुसऱ्यापायी पैसा जातो. आणि मूळ दोष विजेत, अर्थिंगमध्ये किंवा धुळीत असला, तर नव्या यंत्रालाही तो वर्षभरात गाठतो.

संगणक दुरुस्तीचं काम मी करतो आणि मुलांना शिकवतोही. या धंद्यात हातात स्क्रू-ड्रायव्हर धरायला आठवड्यात शिकता येतं. दोष नेमका कुठं आहे, हे धीरानं शोधायला शिकण्यात वर्षं जातात. जुना डेस्कटॉप सुरू होतानाच का कोसळतो, हा प्रश्न मी सास्तूरसारख्या गावात बसून मांडतोय, कारण इथं या प्रश्नाला लोकांच्या पोटापाण्याचं वजन आहे.

सास्तूर आणि कागद

सास्तूर हे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं गाव. भूकंपाचं केंद्र ठरलेलं किल्लारी इथून जवळच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली तेव्हा आदल्या रात्रीचं अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचं ओझं अंगावर आलं. सरकारी आकड्यांनुसार ७,९००हून अधिक माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय आज सास्तूरची ओळख झालं आहे.

त्या वेळी घराबरोबर घरातली ट्रंक गेली, ट्रंकेबरोबर कागद गेले. खरेदीखत, दाखला, बँकेचं पासबुक. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना कागद हरवण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मदतीच्या, घराच्या, वारसाच्या प्रत्येक रांगेत आधी कागद विचारला जायचा.

पुढं हाच कागद हळूहळू संगणकात गेला. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या निमित्तानं तालुक्या-तालुक्यांत डेस्कटॉप पोहोचले. शाळांमधून आयसीटी योजनेच्या प्रयोगशाळा आल्या. २०११पासून ‘संग्राम’ प्रकल्पात ग्रामपंचायतीत संगणक आणि संगणक परिचालक आला; २०१६पासून त्याचं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं. २०१८मध्ये डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. खरीप २०२३मध्ये एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा जुलैअखेर गावोगावच्या केंद्रांवर शेतकऱ्यांची जी गर्दी उसळली, ती ज्यानं पाहिली त्याला गावातल्या एका डेस्कटॉपवर किती घरं अवलंबून असतात ते कळलं.

त्यातले पुष्कळ डेस्कटॉप आता दहा-बारा वर्षांचे झालेत. ते दिवसाकाठी दोनदा-तीनदा बंद-चालू होतात, लाईट गेल्यावर धाडकन मरतात, लाईट आल्यावर पुन्हा उठवले जातात. यंत्राच्या आयुष्यात सगळ्यात कठीण घटका ही उठण्याचीच असते. म्हणून ते तिथंच पडतं.

कुठं पडतं, ते आधी बघा

बटण दाबल्यापासून डेस्कटॉपचं चित्र येईपर्यंत जे घडतं, त्याचा क्रम ठरलेला आहे. तो एकदा नीट समजला, की अर्धं निदान झालं म्हणून समजा.

पहिलं काम एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं. २३० व्होल्टच्या विजेतून तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. हे तिन्ही स्थिर झाले, की राखाडी वायरीवरून मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. तो इशारा मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागतच नाही. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, जागं होतं. १२ ऑगस्ट १९८१ला बाजारात आलेल्या आयबीएम पीसीपासून ही रीत चालत आली आहे. बायोस प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड यांची हजेरी घेतं. या तपासणीला पोस्ट म्हणतात. सगळं जागेवर असलं, तर पुष्कळ बोर्डांवर एक छोटा बीप होतो. त्यानंतर बायोस हार्ड डिस्कचा पहिला, ५१२ बाइटचा तुकडा वाचतं. त्यातली सूचना विंडोजच्या लोडरला बोलावते, लोडर मुख्य गाभा आणि गरजेचे ड्रायव्हर रॅममध्ये आणतो, आणि मग कुठं विंडोजचा लोगो मागं पडून आपला पडदा येतो.

आता यातल्या कुठल्या टप्प्यावर गाडी अडते, ते पाहायचं. बटण दाबून काहीच हललं नाही, तर आधी भिंतीवरचा स्विचबोर्ड, प्लग, वायर, एसएमपीएस. पंखे क्षणभर फिरून थांबले, तर एसएमपीएस, शॉर्ट किंवा प्रोसेसरवरचा ढिला कूलर. पंखे फिरतात पण पडदा काळा आणि बीपवर बीप, तर बहुधा रॅम. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबली, तर हार्ड डिस्क, तिची केबल किंवा बायोसची सेटिंग. लोगोपर्यंत येऊन निळा पडदा आला, तर ड्रायव्हर, डिस्क, रॅम किंवा पुन्हा सेटिंग. आणि विंडोज पूर्ण उघडून दहा मिनिटांनी यंत्र बंद पडलं, तर उष्णता.

म्हणून माझ्याकडे कुणी यंत्र घेऊन आलं की मी पहिलं विचारतो, “शेवटचं पडद्यावर काय दिसलं?” त्यावर “काय माहीत, बंदच पडतंय” असं उत्तर आलं, तर मी यंत्र पुन्हा चालू करून दोघांनी मिळून बघायला लावतो. निळ्या पडद्यावरची अक्षरं मोबाइलवर फोटो काढून ठेवावीत. ती झटकन निघून जात असतील, तर विंडोज ७मध्ये सुरुवातीला एफ-८ दाबावं आणि ‘आपोआप रीस्टार्ट’ बंद करण्याचा पर्याय निवडावा. मग पडदा थांबतो आणि खालचा कोड वाचता येतो. फॉरमॅट मारण्याची घाई झालेल्या माणसानं हा कोड वाचलेलाच नसतो.

वीज, न्यूट्रल आणि काळी माती

आमच्या भागात सुरू होताना पडणाऱ्या यंत्राचा शोध घरातल्या भिंतीपासून घ्यावा लागतो. विहिरीला पाणी नसताना मोटार बदलत बसण्यात जसा अर्थ नाही, तसं वीज न तपासता मदरबोर्ड बदलण्यात नाही.

पुनर्वसित गावं जुन्या गावठाणांपेक्षा ऐसपैस वसली. रस्ते रुंद, घरांमध्ये अंतर. राहायला ते उत्तम, पण डीपीपासून शेवटच्या घरापर्यंतची तार लांबते. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, गिरण्या चालू झाल्या की टोकाच्या घरात व्होल्टेज खाली येतं. साध्या एसएमपीएसला साधारण १८० व्होल्टच्या खाली दम लागतो. चालू असलेलं यंत्र कसंबसं तग धरतं, पण सुरू होण्याच्या क्षणी डिस्क आणि पंखे एकदम ओढ घेतात आणि यंत्र कोसळतं. सकाळी बिनतक्रार सुरू होणारा संगणक संध्याकाळी सुरू होत नसेल, तर दोष यंत्राबाहेर शोधायचा.

याच्या उलटचा धोका जास्त वाईट. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला, तर सिंगल फेजच्या घरात २३०ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास वीज शिरू शकते. त्या दिवशी एका गल्लीतले टीव्ही, चार्जर, एसएमपीएस एकदम जातात. जुन्या एसएमपीएसच्या मागं लाल रंगाचं ११५/२३०चं छोटं स्विच असतं. सफाई करताना ते चुकून ११५वर सरकलं, तरी परिणाम तोच, धडाम.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार गावात सर्रास ऐकू येते. लोक म्हणतात, “थोडा करंट येतो, चालायचंच.” हे चालायचं नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंधळ गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळं पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट किरकोळ असतो, पण पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र जोडताना तो नाजूक पोर्टमधून वाट काढतो. विजा कडाडतात तेव्हा तर त्या विजेला जमिनीत जायला वाटच उरत नाही.

अर्थिंग केलेलं असूनही ते मेलेलं असू शकतं. आपली माती काळी. पावसाळ्यात ती फुगून अर्थिंगच्या पाइपला घट्ट धरते, वीज छान वाहते. मार्च-एप्रिलमध्ये तीच माती सुकते, हात जाईल अशा भेगा पडतात आणि पाइपभोवतीची माती सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला, तरी ओल नसेल तर उपयोग नाही. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं. तपासणी मल्टीमीटरनं होते : फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टहून जास्त नको. ही मोजणी माहितगार वायरमनकडूनच करून घ्यावी.

वीज आत शिरल्यावर एसएमपीएस काय देतो ते मोजायचं. १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४६, या हद्दीत आकडे पाहिजेत. नुसतं मोकळ्या एसएमपीएसवर मोजून भागत नाही. यंत्र जोडून, सुरू होण्याच्या क्षणी मोजावं लागतं. मोकळा असताना १२ दाखवणारा जुना एसएमपीएस ओझं पडताच साडेदहावर घसरतो, तेव्हा दोष सापडला म्हणायचा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठून राहू शकते.

बोर्डावरचे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटरही डोळ्यांनी तपासावेत. माथा सपाट असावा. फुगला असेल, वरून तपकिरी चिकट द्रव सुटला असेल, तर तो गेला. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटमुळं जगभरातल्या नामांकित कंपन्यांच्या बोर्डांवरचे कपॅसिटर असेच फुगले होते. त्या काळातला बोर्ड असेल आणि ‘थंड असताना सुरू होत नाही, दोन-चारदा बटण दाबल्यावर होतो’ अशी खूण असेल, तर आधी इकडे पाहावं. सोल्डरिंग येणारा माणूस हे काम शे-दोनशेत करून देतो.

धूळ आणि मळणीचा हंगाम

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू होते. मळणी यंत्रातून उडालेला बारीक भुसा दारं-खिडक्यांतून आत येतो आणि पंखा त्याला सरळ प्रोसेसरच्या कूलरवर ओढून नेतो. हिटसिंकच्या पात्यांमध्ये त्याचा थर बसतो. वर दिवाळीच्या सफाईची धूळ. पंखा गरगरत राहतो, पण हवा आरपार जात नाही. त्यात हिटसिंक आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट सात-आठ वर्षांत वाळून खडू होते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला यंत्र बंद करतो. लोक समजतात, व्हायरस आला.

सफाईची रीत साधी आहे. प्लग काढा. बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज संपवा. उघड्यावर नेऊन मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. जुनी पेस्ट पुसा, नवी वाटाण्याएवढी लावा. कूलरचे चारही खिळे कट्कन बसले का पाहा. एक खिळा सुटला तरी कूलर तिरका बसतो आणि यंत्र सुरू होताहोता बंद पडतं.

मग रॅम. दमट पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो. रॅम काढून, शाळेतल्या साध्या खोडरबरानं दात हलके घासून, कचरा झटकून परत घट्ट बसवला की बीपणारी कितीतरी यंत्रं उठतात. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावा. सगळे रॅम काढल्यावर बोर्डानं बीप करून तक्रार केली, तर आनंद मानावा. बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत.

या सगळ्यात एक नियम मोडायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि यंत्र चालू करून बघायचं. रॅम, केबल आणि एसएमपीएस एकाच झटक्यात बदलले आणि यंत्र उठलं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. ग्राहकाला तिन्हींचे पैसे मात्र पडतात.

एका सेवा केंद्रातली निळी स्क्रीन

सास्तूरच्या एका केंद्रातलं यंत्र माझ्यापुढं आलं, तेव्हा त्याचा निकाल आधीच लागून गेला होता. ‘हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करून बघू, नाहीतर नवीन.’ यंत्र एच-६१ चिपसेटच्या बोर्डाचं, आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. चालवणारा तरुण हवालदिल झालेला.

“सर, बघा की, लोगोपर्यंत येलालंय अन् निळं होऊन परत पयल्यापासनं चालू होलालंय.”

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, “आमचे कागद हायेत ना त्याच्यात? का गेले?”

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता. म्हणून दुरुस्तीच्या आधी कागद. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं. ते व्यवस्थित सुरू झालं, म्हणजे वीज, रॅम, प्रोसेसर, बोर्ड यांवरचा संशय बराचसा फिटला. हार्ड डिस्क उघडली, फोल्डर दिसले. स्कॅन केलेले दाखले, पावत्या, अर्जांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मग डिस्कच्या प्रकृतीचा ‘स्मार्ट’ अहवाल वाचला. खराब सेक्टरचा आकडा शून्य. डिस्क गेली नव्हती.

आता विंडोजकडे वळलो. एफ-८ दाबून आपोआप रीस्टार्ट थांबवला. निळ्या पडद्यावर कोड होता, ०x००००००७बी. विंडोजला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं आहे तिच्यापर्यंत पोहोचताच येत नाही, असा त्याचा अर्थ. डिस्क धडधाकट, मग विंडोजला ती का सापडत नाही?

बायोस उघडलं. वरच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१२.

“घड्याळ कधीपासून मागं पडतंय?” मी विचारलं.

“लई दिवस झाले सर. रोज सकाळी वेळ लावूनच साइट उघडतो. नाहीतर सर्टिफिकेटची एरर येती.”

“आणि हे निळं कधीपासून?”

“परवा रात्रभर लाईट नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीपासनं.”

दोष सापडला. मदरबोर्डावर आठ आण्याच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर-२०३२. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीपासून संगणकात विजेशिवाय घड्याळ आणि सेटिंग जपणारी चिप आली; त्या मूळ चिपची सगळी जागा ६४ बाइटची होती. चिप बदलत गेल्या, पण बोर्डाच्या चार सेटिंग आणि घड्याळ यांचा सांभाळ अजून त्या सेलवरच आहे. प्लगमध्ये वीज असेपर्यंत एसएमपीएसची पाच व्होल्टची थोडी वीज बोर्डाला मिळत राहते आणि सेल कमजोर असला तरी सेटिंग टिकतात. रात्रभर लाईट गेली, यूपीएसची बॅटरीही केव्हाच संपलेली, तेव्हा सगळा भार सेलवर आला. सेल काढून मोजला. ३ व्होल्टच्या जागी २.३.

त्या रात्री बायोस सगळं विसरलं आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेलं. त्यात एक ओळ होती, हार्ड डिस्क कुठल्या पद्धतीनं जोडायची याची. विंडोज टाकताना ती एएचसीआय होती. मूळ सेटिंग आयडीई. विंडोज ७ ज्या पद्धतीवर टाकलं गेलं, तिचाच ड्रायव्हर सुरुवातीला उठवतं; दुसऱ्या पद्धतीचा बंद ठेवतं. पद्धत बदलली, ड्रायव्हर सापडेना, डिस्क सापडेना, निळा पडदा.

नवा सेल बसवला. तारीख-वेळ लावली. एएचसीआय निवडून सेव्ह केलं. यंत्र लोगो ओलांडून आत गेलं. पन्नास रुपयांच्या आतला सेल आणि एका ओळीची सेटिंग, एवढ्यावर काम भागलं. फॉरमॅट मारला असता, तरीही विंडोज आयडीईवर नव्यानं बसलं असतं, यंत्र चाललंही असतं, आणि सगळ्यांना वाटलं असतं की उपाय बरोबर होता. कागद मात्र गेले असते. आणि पुढच्या लांबलेल्या लोडशेडिंगला घड्याळ पुन्हा मागं गेलं असतं. चुकीच्या उपायानं यंत्र सुरू होतं, तेव्हा चुकीचं ज्ञान गावभर पसरतं. फॉरमॅटची कीर्ती अशीच वाढली आहे.

यंत्र महिनाभर बोलत होतं. मागं पडणारं घड्याळ ही त्याची पहिली तक्रार होती. ती तेव्हा ऐकली असती, तर निळा पडदा आलाच नसता.

जगातला सगळ्यात मोठा निळा पडदा

गावातलं यंत्र जुनं म्हणून पडतं, ही समजूत १९ जुलै २०२४ला जगभर खोटी ठरली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होतानाच निळे होऊन रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकले. विमानतळ, बँका, रुग्णालयं थांबली. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्यातली पुष्कळ यंत्रं नवी होती, वातानुकूलित खोल्यांत होती, अर्थिंग पक्कं होतं.

त्यावरचा उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि एका फोल्डरमधली एक फाइल काढून टाकायची. फॉरमॅट नाही, नवी डिस्क नाही. काम सोपं पण प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करायचं, म्हणून कित्येक दिवस चाललं. लोहाऱ्यातला दुरुस्तीवाला आणि मोठ्या विमानतळावरचा अभियंता, दोघांना एकच रीत वापरावी लागते : शेवटचं काय बदललं ते शोधा, तेवढंच मागं घ्या, बाकीच्याला हात लावू नका.

आपल्या जुन्या यंत्रातही हीच रीत. निळा पडदा येण्याच्या आदल्या दिवशी नवा प्रिंटर, नवा अँटिव्हायरस, नवं बायोमेट्रिक यंत्र जोडलं होतं का? सेफ मोडमध्ये जा, तेवढा ड्रायव्हर काढा. विंडोज १०मध्ये एफ-८ सहसा चालत नाही. सुरू होताना दोन-तीनदा अडखळलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो, तिथून सेफ मोड मिळतो.

जुनं यंत्र कधी ठेवावं, कधी सोडावं

दुरुस्त होतंय म्हणून प्रत्येक यंत्र ठेवावं, असं माझं म्हणणं नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०ला संपवला. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचे आय-३ त्यात बसत नाहीत. लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती ज्या यंत्रावर हाताळली जातात, ते सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचं आहे. सेवा केंद्राचं मुख्य यंत्र म्हणून त्याला निवृत्त करावं.

पण निवृत्त म्हणजे भंगार नव्हे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि रॅम ८ जीबी केली, की तेच यंत्र लिनक्स मिंट किंवा सीडॅकनं तयार केलेल्या बॉस लिनक्सवर छान चालतं. शाळेत मराठी टायपिंग, हिशेबाचे तक्ते, प्रोग्रॅमिंगची तोंडओळख, वाचनालयाची नोंदवही, यांना ते पुष्कळ झालं. डिजिटल सहीचं टोकन आणि काही बायोमेट्रिक यंत्रं विंडोजच मागतात, तेवढी कामं नव्या यंत्रावर ठेवावीत.

सोडायची वेळ ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत. बोर्ड तडकला किंवा जळाला असेल, दुरुस्तीचा खर्च त्याच कुवतीच्या वापरलेल्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर सोडावं. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करून माहिती आधी काढून घ्यावी आणि डिस्क बदलावी. टाकाऊ यंत्र फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊन शेतात जाळू देऊ नये. बोर्डातलं शिसं आणि वायरींचा धूर त्याच मातीत आणि त्याच छातीत जातो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच ते गेलं पाहिजे. देण्याआधी डिस्क काढून घ्यावी, कारण तिच्यात गावाचे कागद असतात.

गावासाठी एवढं करा

ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. संगणक खरेदीला पैसा मिळतो, पण देखभालीला कुणी मागत नाही आणि कुणी ठेवत नाही. अर्थसंकल्पात देखभालीची ओळ लिहा. त्यातून एक चांगला एसएमपीएस, दर दोन-तीन वर्षांनी यूपीएसची बॅटरी, दर तीन-चार वर्षांनी बोर्डावरचा सेल आणि वर्षातून दोनदा सफाई एवढं बसवा : एकदा मृगाच्या आधी, एकदा मळणी आटोपल्यावर. उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घाला. दर शनिवारी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा. एका छताखाली सगळे कागद ठेवण्याचा अर्थ या गावाला १९९३पासून माहीत आहे.

यंत्राशेजारी एक वही टांगा. कुठल्या तारखेला काय झालं, पडद्यावर काय दिसलं, आधी लाईट गेली होती का, नवं काय जोडलं, एवढं लिहा. पुढचा दुरुस्तीवाला कोणीही असो, ती वही त्याचं निम्मं काम करेल.

गावातल्या ज्या मुलामुलींना या कामाची आवड आहे, त्यांना एक मल्टीमीटर घेऊन द्या आणि बंद पडलेलं एक यंत्र उघडायला द्या. दोष शोधण्याची शिस्त त्यांच्या हातात बसली, तर साध्या सेलसाठी यंत्र उचलून लातूर-सोलापूरला नेण्याची वेळ येणार नाही. आणि कुणीही, कितीही जाणकार असला, तरी तो “फॉरमॅट मारून टाकू” म्हणाला, की त्याला दोनच प्रश्न विचारा : माहिती काढून घेतली का, आणि दोष नेमका कुठं आहे? दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय त्याला यंत्राला हात लावू देऊ नका.